माझ्याविरुद्ध लिहिणाऱ्या माणसाची साक्ष

नाशिक

प्रिय यशू,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत. तुझ्या बाबांचा गुडघा तेवढा थंडीने कुरकुरतोय, आणि तो कुरकुरला नाही तर मलाच चुकल्या चुकल्यासारखं होतं. हल्ली फोनवर तू मला नुसता अंगठा दाखवतेस, नाहीतर हात जोडलेली ती पिवळी बाहुली पाठवतेस. एवढ्यावर आईचं पोट भरत नाही बाई. फोन केला तर तू मीटिंगमध्ये असतेस. पत्राला तरी मीटिंगचं कारण सांगता येणार नाही म्हणून लिहायला बसले.

तू पोर्टलमधली नोकरी सोडतेयस आणि पुण्यातल्याच कुठल्याशा जाहिरात कंपनीत जातेयस, हे बाबांकडून कळलं. कारण काय, तर बातम्यांचा कंटाळा आला. यशू, पाचवीत असताना तू शाळेच्या भिंतीवर हाताने लिहिलेलं वार्तापत्र लावलं होतंस, आणि त्यात मुख्याध्यापक रोज उशिरा येतात ही पहिली बातमी होती. मला शाळेत बोलावून घेतलं होतं. त्या मुलीला बातम्यांचा कंटाळा येतो हे मला पटत नाही. तुझ्या आयुष्याचा निर्णय तुझाच, त्यात मी नाक खुपसणार नाही (खुपसणारच आहे, पण जरा शेवटी). त्याआधी मला तुला एका माणसाबद्दल सांगायचंय. उपेंद्रकाकांबद्दल.

हो, तेच. ज्यांचं नाव आपल्या घरात दातओठ खाऊन घेतलं जायचं ते. पंचवटीतले. भाऊबंद सगळे रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करणारे, आणि हे एकटे विमा कचेरीत दावे तपासता तपासता निवृत्त झाले. दर रविवारी पेपरात त्यांचा लेख यायचा आणि दर रविवारी माझ्या पोह्यांची चव जायची. माझ्या पक्षावर तर त्यांचा राग होताच. माझ्यावर खास मर्जी होती. बचत गटांचं काम करता करता मी राजकारणात आले, तेव्हा त्यांनी लिहिलं होतं की, योगिनीबाईंचं भाषण ऐकायला लोक जातात ते नाटक बघायला जातात तसे; पडदा पडला की हाती काही नसतं. मी तो पेपर चुलीत घातला असता, पण गॅसवर स्वयंपाक करणाऱ्या बाईची तेवढीही सोय नाही.

आता नाटक म्हणशील तर ते माझ्या अंगात आहेच. माहेरी देवळ्याकडे लग्नकार्यात मला बसवून नकला करायला लावायचे. तलाठ्याची, गुरवाची, थोरल्या मामींची. तुला झोपवताना मी राक्षसाचा आवाज काढायचे, आणि तू घाबरायच्याऐवजी हसून हसून जागीच राहायचीस. प्रचारातही मी तेच केलं. जिल्हा परिषदेच्या आमच्या गटात, म्हणजे देवळ्याच्या त्या बाजूच्या गावांमध्ये, नुसतं भाषण ठोकणारा उमेदवार लोकांना नको असतो. कांद्याची लागवड सोडून बाया सभेला येतात, त्यांना दोन घटका हसायला मिळालं पाहिजे. म्हणून मी त्यांना एका साहेबांची नक्कल करून दाखवली. कांद्याचा भाव पडला तेव्हा आम्ही बायका त्यांच्याकडे निवेदन घेऊन गेलो होतो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, नाकातून आवाज काढला आणि म्हणाले, ताई, शेतकऱ्याला काय, रडायची सवयच असते, भाव पडला तरी रडतो आणि चढला तरी रडतो. मी ते जसंच्या तसं केलं. चष्म्यासकट, नाकासकट. मांडव हसत होता. मग मी म्हटलं की या साहेबांना आपण एकदा शेतात आणून रडवू, आणि टाळ्या पडल्या.

पुढचं तुला ठाऊक आहे, पण माझ्या बाजूने ऐक. दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइल उघडला, तर त्या भाषणाचा इवलासा तुकडा सगळीकडे फिरत होता. आधीचं, साहेब काय म्हणाले माहितीये का, हे कापलेलं. नंतरचं हसू कापलेलं. मध्ये मी एकटी, चष्मा कपाळावर, म्हणतेय की शेतकऱ्याला रडायची सवयच असते. वर मोठ्ठं शीर्षक की प्रचारसभेत उमेदवाराची जीभ घसरली. यशू, जीभ घसरली हे दोन शब्द काय काम करतात ते मला त्या दिवशी कळलं. वाचणाऱ्याला आता काही ठरवायचंच नव्हतं. त्याच्यासाठी आधीच कुणीतरी ठरवून ठेवलं होतं. दुपारपर्यंत माझ्या सख्ख्या मावसभावाने फोन करून विचारलं की तुला वेड लागलंय का. लोहोणेरच्या रस्त्यावर माझ्या फलकावर कुणीतरी चिखल फासला. मी ओरडून सांगत होते की ती नक्कल होती, ती नक्कल होती, आणि जितकं ओरडत होते तितकी मी खोटी वाटत होते. माझी पंधरा वर्षांची बायकांमधली कमाई होती ती, कुणी अडीनडीला हाक मारली की मी जाणार, हा विश्वास, एवढी एकच. ती एका तुकड्यात जाताना मी बघत होते आणि मला रडू येत होतं. रडले तर त्याचाही व्हिडिओ होईल म्हणून न्हाणीघरात जाऊन रडले.

मी रविवारची वाट बघत होते, म्हणजे फाशीची वाट बघतात तशी. उपेंद्रकाका आता माझी सालं काढणार, यात शंका नव्हती. रविवार उजाडला. पेपरात त्यांचा लेख नाही! त्यांच्या जागी हुरड्याच्या पाककृती. बाबा म्हणाले, म्हातारा आजारी पडला असेल. मी देवाला हात जोडले, त्यांच्या आजारपणासाठी की माझ्या सुटकेसाठी ते विचारू नकोस.

सोमवारी सभा झाली त्या गावाहून आमचे कार्यकर्ते देवरामभाऊ यांचा फोन. ताई, एक म्हातारा आलाय, माकडटोपी घातलेला, यष्टीनं आला आन् बांधावर बसून बायांना काय काय विचारतोय, पोलिस हाय का पेपरवाला? मी वर्णन ऐकलं आणि हातातली वाटी खाली ठेवली. पंचाहत्तरी ओलांडलेला तो माणूस, माझा नंबर एकचा शत्रू, थंडीत एसटीने देवळ्याला आणि तिथून वडापच्या जीपने गावात गेला होता. मला वाटलं, माझ्याविरुद्ध आणखी दारूगोळा गोळा करायला गेला. पण देवरामभाऊ सांगत होते ते ऐकून मी चक्रावले. काकांनी एकालाही विचारलं नाही की ताई असं बोलल्या का. विचारलं एवढंच, की त्या दिवशी सभेत काय झालं ते पहिल्यापासून सांगा. एकीला विचारताना दुसरीला लांब उभं केलं. माझ्या पक्षाच्या माणसांना विचारून झाल्यावर त्यांनी समोरच्या पक्षाची माणसं मुद्दाम शोधून काढली. त्यातली चिमणाबाई, जी मला मत देणार नाही हे ती माझ्या तोंडावर सांगते, ती म्हणाली, खोटं शे ते, ती तर नक्कल करत व्हती, मी बी हासले. आणि सगुणाबाईंच्या सुनेच्या मोबाइलमध्ये सगळं भाषण होतं, कारण सुरुवातीला तिच्या सासूचा सत्कार होता आणि मग तिला बंद करायचं सुचलंच नाही. काकांनी ते बांधावर बसून पूर्ण पाहिलं. दोनदा.

आपल्याकडे कांद्याच्या लिलावात व्यापारी ट्रॉलीतला वरचा माल बघून भाव बोलतो, हे तुला माहीतच आहे. पण व्यापाऱ्याच्या खळ्यावर ट्रॉली रिकामी झाली आणि खालचा माल वेगळा निघाला, तर वांधा निघतो. मग शेतकरी आणि व्यापारी दोघांनी त्या ढिगासमोर उभं राहून भाव पुन्हा ठरवायचा असतो. वरचा कांदा वाईट दिसला तरी खाली चांगला असेल म्हणून ट्रॉली रिकामी करून बघणारा व्यापारी मात्र माझ्या बापजन्मात कुणी पाहिलेला नाही. काका तेच करत होते, आणि फायदा माझा होणार होता, त्यांचा नाही.

सगळ्यात शेवटी ते माझ्याकडे आले. चहा नको म्हणाले. चष्मा पुसत त्यांनी मला सांगितलं की तो तुकडा पाहिल्यावर त्यांना फार आनंद झाला होता. लेखही लिहून तयार होता, आणि बरा उतरला होता. पण त्यांची एक सवय आहे. जी बातमी वाचून मनाला गुदगुल्या होतात, ती ते ताजी खात नाहीत, शिळी करून खातात. विमा कचेरीत त्यांना एक गोष्ट कळली होती म्हणे. जो दावा नाकारावासा वाटायचा त्याची कागदपत्रं ते कसून तपासायचे, आणि जो मंजूर करावासा वाटायचा त्याची वरवर. पुढे फसगत झाली ती नेहमी दुसऱ्यात. तेव्हापासून त्यांनी उलटं धरलं. आवडलेलं जास्त तपासायचं. हे ते इतक्या साधेपणाने सांगत होते, रोज सकाळी गरम पाणी पितो म्हणावं तसं. मी आयुष्यात कधी, एकदा तरी, माझ्या आवडीच्या बातमीची उलटतपासणी केली होती का? माझ्या विरोधकाबद्दल काही वाईट आलं की ते पुढे पाठवायला माझा अंगठा विजेसारखा पळतो.

पुढच्या रविवारी लेख आला. तू वाचला असशीलच, तरी मी सांगते, कारण मला तो पाठ झालाय. त्यांनी सभा पहिल्यापासून सांगितली, कोण काय म्हणालं, ते सांगणारा कुणाच्या बाजूचा, हे सगळं. मग लिहिलं की हे वाक्य योगिनीबाईंचं नाही, त्यांनी ते दुसऱ्याच्या तोंडचं म्हणून सादर केलं, आणि कापणाऱ्याने नेमकं तेवढंच कापलं. वाचता वाचता माझ्या डोळ्यांतून पाणी. आणि त्याच्या खालच्या परिच्छेदात काय? त्याच भाषणात योगिनीबाई म्हणाल्या की तालुक्यात एकालाही कांदा साठवायच्या चाळीचं अनुदान मिळालं नाही, हे मात्र साफ चूक आहे. ज्यांना मिळालं त्यांत त्यांचे सख्खे बंधू कुंदन हेही आहेत! डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी आटलं. शेवट असा होता: योगिनीबाईंना मत देऊ नये, हे माझं मत कायम आहे. त्यासाठी कारणं पुष्कळ आहेत. हे वाक्य त्यांपैकी नाही.

माझ्या कार्यकर्त्यांनी लगेच काय केलं असेल ओळख. लेखाचा वरचा अर्धा भाग कापला, त्यावर माझा हसरा फोटो चिकटवला, आणि विरोधकाचीही कबुली म्हणून गावोगाव पाठवायची तयारी केली. मयुरेशने, आणि हा कुणी उत्साही पोऱ्या नव्हे, चांगला वकील आहे, मला मोबाइल दाखवला आणि म्हणाला, ताई, नुसतं हो म्हणा. मी हो म्हणणारच होते, यशू. तोंडात शब्द आला होता. आणि एकदम माझ्या लक्षात आलं की आम्ही त्या म्हाताऱ्याच्या बाबतीत तेच करतोय जे माझ्या बाबतीत झालं. तेच, तसंच, आणि हसत हसत. मी म्हटलं, पाठवायचा तर अख्खा पाठवा. मत देऊ नका हे धरून. कुंदनची कांदाचाळ धरून. मयुरेशने कपाळावर हात मारला. बाबा मात्र त्या तुकड्यानंतर पहिल्यांदा हसले आणि म्हणाले, आता निवडून आलीस तर चमत्कार. मी अख्खा पाठवला.

चमत्कार झाला नाही. पडले मी. कार्यकर्ते म्हणतात तो लेख पाठवल्यामुळे पडलीस, बाबा म्हणतात त्या तुकड्यामुळे पडलीस, आणि समोरची बाई म्हणते की ती माझ्यापेक्षा चांगली आहे म्हणून. कुणाचं खरं, ते मला माहीत नाही, आणि पुराव्याशिवाय यापुढे मी बोलायची नाही. रुखरुख लागते, नाही कशाला म्हणू. पण चिमणाबाई परवा बाजारात भेटली तेव्हा तिने माझ्या पिशवीत मेथीची जुडी कोंबली आणि म्हणाली, मत नाय दिलं, पन तुमी खोटाड्या नाय. माझी कमाई गेली नव्हती.

काकांची मात्र गेली. त्यांच्याच बाजूच्या लोकांनी त्यांना विकला गेलेला ठरवलं. गोदाघाटावर सकाळी ज्यांच्याबरोबर ते फिरायचे, ते आता जरा जोरात चालतात म्हणे. पेपरने त्यांच्या रविवारला विश्रांती दिली. मी त्यांचे आभार मानायला पंचवटीत गेले, तर दारातच म्हणाले, आभार कसले, मी तुमच्यासाठी काही केलेलं नाही. आणि खरंच केलेलं नव्हतं! हेच तर मला पेलत नाही. माझ्यावर प्रेम करणाऱ्या माणसाने माझी बाजू घेतली असती तर मी समजू शकले असते. ह्या माणसाला मी आवडत नाही, आजही नाही, आणि तरी माझ्याबद्दल खोटं बोललं जाऊ नये म्हणून त्याने स्वतःचा रविवार घालवला. देवळात गेल्यावर मला कधी वाटलं नाही ते त्या ओटीवर उभं राहून वाटलं. मी वाकून नमस्कार केला. ते अवघडले आणि दोन पावलं मागे सरले.

मग त्यांनी मला आत बोलावलं आणि जे सांगितलं, त्यासाठी हे पत्र आहे. यशू, तो तुकडा सगळ्यात आधी तुमच्याच पोर्टलवर आला, हे मला माहीत होतं. जीभ घसरली हे शब्द तुझे आहेत, हे माहीत नव्हतं. लेख लिहिण्यापूर्वी काकांनी तुमच्या कचेरीत फोन केला होता, आणि फोन घेणारी मुलगी म्हणाली, शीर्षक मी दिलं, पूर्ण भाषण मी पाहिलं नाही, आणि त्या माझ्या आई आहेत. कुणी विचारलं नसताना सांगितलंस, आणि तेही ज्याने माझ्यावर वर्षानुवर्षं तोंडसुख घेतलं त्याला. आईची बातमी दाबली असं कुणी म्हणू नये म्हणून लगेच लावली, असंही म्हणालीस. काकांच्या हातात केवढी मोठी गोष्ट होती! प्रत्यक्ष मुलीनेच खरं मानलं, एवढं एक वाक्य लिहिलं असतं तरी मी संपले असते. त्यांनी ते लिहिलं नाही. म्हणाले, मुलीने खरं मानलं हा कशाचाच पुरावा नाही, पण लोक तो पुरावा म्हणूनच वाचतील. मग म्हणाले, ती रडत होती, नोकरी सोडीन म्हणत होती. ही बातमी नव्हे म्हणून छापली नाही, पण हा निरोप आहे, म्हणून तुमच्यापर्यंत पोचवतोय. तर पोरी, निरोप पोचला. तू मला सवलत दिली नाहीस याचा मला राग नाही. खरं सांगू, थोडा अभिमानच वाटला. पण नाकातला तो आवाज ऐकून ही नक्कल आहे हे जगात सगळ्यात आधी कुणाला कळायला हवं होतं? तुला ते कळलंही असेल, आणि आपल्याला असं वाटतं ते आई म्हणून, असं समजून तू ते बाजूला टाकलं असशील. यशू, माणूस ओळखीचं असणं म्हणजे पक्षपात नव्हे गं. ती माहिती असते, तपासून घ्यायची. ज्या मुलीने स्वतःविरुद्ध साक्ष दिली, तिने ही नोकरी सोडली तर त्या खुर्चीवर कोण बसेल, याची मला जास्त भीती वाटते. राजीनामा मागे घे. चूक झाली असं तुमच्या पोर्टलवर स्वतःच्या नावाने लिही, आणि पुन्हा कामाला बस. मी पुढची निवडणूक लढवणार आहे, म्हणजे माझ्याविरुद्ध बातम्या येणारच, आणि त्यातली एखादी खरीही असेल. ती आली की मला फोन कर आणि सरळ विचार. मी आई म्हणून उचलणार नाही, उमेदवार म्हणून उचलीन. पण उचलीन, एवढं नक्की.

तुझीच,
पडलेली, पण बसून न राहिलेली
आई